फुल रेसवर बोटीची आउटबोर्ड मशीन (बोटीच्या मागं लटकणारं इंजिन) दम सोडते, पेट्रोल कुठं अडून राहिलं?

खिंडसीवाला:
भाऊ लोक, ४० एचपी, टू स्ट्रोक, कार्बोरेटरवाली मशीन आहे. टाकी वेगळी, २४ लिटरची. रामटेकजवळ खिंडसी तलावात चालवतो. स्टार्टिंग मस्त, आयडलले काही तक्रार नाही, पण फुल रेस दिली की मिनिटभरात बसते. प्रायमर बल्ब (टाकीच्या पाइपातला, हातानं पेट्रोल ढकलाचा रबरी फुगा) दाबला की उचलते, थोडी पळते, परत तेच. प्लग नवे टाकले, कार्बोरेटर साफ केला. नागपुरातला बाइकचा मेकॅनिक म्हणते प्लगले ठिणगी देणारी कॉइल गरम हून राहिली असंन. मले पटत नाही. कॉइलचा लोचा असता तर बल्ब दाबून मशीन कायले उचलली असती?

जुना_मिस्त्री:
कॉइल सोड. मशीन बसून राहिली असते तेव्हा बल्ब कसा असते, तेवढं सांग. आत ओढल्यासारखा चपटा असंन तर अडथळा बल्बच्या मागं, टाकीकडं. आकार शाबूत पण मऊ असंन तर कुठून तरी हवा घुसून राहिली, नाहीतर पंपाचा डायफ्रॅम (पेट्रोल ओढणारा पातळ पडदा) गेला. बल्ब पाहाले दुसरा माणूस घे, तू सुकाणू सोडून वाकू नको. अन् फुल रेस लांबवू नको. टू स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलातच असते बावा, पेट्रोल कमी गेलं तर ऑइलही कमी, मग पिस्टन जाम.

तांडेल_मालवण:
टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? ने-आण करताना तो बंद करतात आणि निघताना तसाच राहतो. आणि हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी धरतं. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा.

खिंडसीवाला:
बल्ब चपटाच होते. झाकण पूर्ण ढिलं करून पाहिलं, फरक नाही. बाटलीत थर नाही.

जुना_मिस्त्री:
मग राहिली टाकीतल्या नळीची जाळी, अन् टाकी ते बल्ब हा पाइप. जाळी साफ असंन तर पाइप उभा चिर. जुन्या रबराचं आतलं अस्तर इथेनॉलनं सुटते. आयडलले ओढ कमी, तेव्हा पेट्रोल निघून जाते. जोराची ओढ लागली की तेच अस्तर आडवं येऊन रस्ता बंद करते. तोंडानं फुंकून पाहिला तर पास होते, अन् तिथंच माणूस फसते.

खिंडसीवाला:
चिरला! जाळी साफच होती. पाइप बाहेरून चकाचक, पण टाकीच्या कनेक्टरपासून बोटभर आत अस्तर सापाच्या कातीसारखं सुटून लोंबून राहिलं. आता साधा पारदर्शक पाइप लावला तर चालंन का? तो इथं कुठंही मिळते.

जुना_मिस्त्री:
बिलकुल नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात तो दगड होते अन् कनेक्टरवरून निसटते. बोटीचाच पाइप मुंबईहून मागवता आला तर बेस्ट, नाहीतर इंजेक्शनवाल्या कारचा, इथेनॉलले चालणारा घे. आतला व्यास जुन्याएवढाच पाहिजे, बारीक घेतला तर पैसे जाऊन दुखणं तेच. बल्बही त्याच वयाचा असंन, सोबत बदल, अन् त्याच्यावरचा बाण इंजिनाकडं ठेव. तार गुंडाळू नको, स्टीलच्या क्लिपा लाव. कनेक्टरातल्या ओ-रिंगवर (रबरी कडीवर) नख फिरवून पाय, चीर लागली तर तीही नवी टाक.