यूएनचे ठराव आणि युद्धातले बलात्कार... खरंच काही फरक पडतो का?

डिचोलीकर_स्नेहल:
नमस्कार मंडळी, टीवायला आहे, पुढच्या आठवड्यात पणजीला वादविवाद स्पर्धा. विषय, युद्धातले लैंगिक अत्याचार थांबवण्याचे आंतरराष्ट्रीय प्रयत्न फोल ठरलेत. मला विरोधी बाजू मिळालीय, म्हणजे फोल नाहीत असं बोलायचंय आणि माझाच त्यावर विश्वास नाही 😐 यूएनच्या सुरक्षा परिषदेचे यावरचे ठराव, १३२५, १८२०, १८८८, १९६०, नुसते मटक्याचे आकडे वाटतात. शिक्षा कुणाला झालीय का कधी?

वकीलबाय_मडगाव:
झालीय गो. ठरावांपासून सुरू करू नकोस, श्रोते झोपतील. आकायेसूपासून कर. रवांडात ताबा म्हणून एक भाग, तिथला हा प्रमुख, आपल्याकडचा सरपंच समज. १९९४ च्या नरसंहारासाठी त्याच्यावर यूएनने रवांडासाठी नेमलेल्या खास कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा आरोपपत्रात बलात्कार हा शब्दच नव्हता! सुनावणी चालू असताना साक्षीला आलेली एक बाई आपल्या लहान मुलीवर काय झालं ते बोलून गेली, मग दुसरीही बोलली, आणि तीन न्यायाधीशांत एकटीच बाई होती, नवी पिल्ले नावाची, दक्षिण आफ्रिकेतली तमिळ वंशाची. प्रश्न विचारले गेले, १९९७ ला आरोपपत्र बदललं, आणि २ सप्टेंबर १९९८ ला निकाल आला की बलात्कार हेसुद्धा नरसंहाराचं हत्यार असू शकतं. जन्मठेप. त्याआधी कुठल्याच आंतरराष्ट्रीय कोर्टाने असं म्हटलं नव्हतं. ती साक्षीदार बाई गप्प राहिली असती तर?

फौजी_वास्को:
मी रिटायर्ड, काँगोत शांतीसेनेत होतो. १८२० ची प्रत आमच्या कॅम्पात कुणी वाचली असेल असं वाटत नाही, खोटं कशाला बोलू. पण बाजाराच्या दिवशी बायका टोपल्या घेऊन निघाल्या की पुढेमागे आमची गाडी असायची, कारण पाणी, लाकडं, बाजार, या वाटांवरच हत्यारबंद लोक बायकांना अडवतात. एवढं केलं तरी त्या दिवशी त्या सुखरूप घरी पोचायच्या. लायबेरियात तर २००७ पासून सीआरपीएफच्या बायकांची अख्खी तुकडी होती, हे नक्की सांग.

म्हापशेकर७:
आणि शांतीसेनेच्या जवानांवरच आरोप झाले ते? मध्य आफ्रिकन रिपब्लिकमधले? ते सोयीस्कर विसरलात काका

फौजी_वास्को:
विसरलो नाही रे, लाज वाटते म्हणून लिहिलं नव्हतं. २०१६ ला २२७२ ठराव आला, तुकडीच्या तुकडी घरी पाठवता येते. पण खटला ज्याच्या त्याच्या देशातच चालतो, यूएन स्वतः शिक्षा देऊ शकत नाही. खरी भानगड तिथेच आहे.

डिचोलीकर_स्नेहल:
बापरे, कदंबात बसून वाचतेय, स्टॉप चुकला 😅 काँगोचा तो बंडखोर नेता बेम्बा, त्याचं उदाहरण घेऊ का?

वकीलबाय_मडगाव:
मुळीच नको! २०१६ ला दोषी, २०१८ ला अपिलात सुटला, समोरचे त्यावरच तुला धरतील. ऑन्ग्वेन घे, युगांडाचा बंडखोर कमांडर, २०२१, २५ वर्षं. जबरदस्तीने लादलेल्या गर्भारपणासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टाने (आयसीसी) दिलेली पहिली शिक्षा. आणि परीक्षक विचारतीलच, भारत त्या कोर्टाचा सदस्य आहे का म्हणून. नाही. आपण सहीच केलेली नाही. हे तूच आधी बोलून टाक.