विमानात ओल्या मोज्यांचा वास : याचा तपास कसा होतो?

नागपूरकर_मेघा :
परवा आईला घेऊन विमानाने नागपूरहून मुंबईला आले. विमान मागे ढकललं, इंजिनं सुरू झाली आणि थोड्या वेळाने कुबट वास सुटला. आई म्हणाली, "आषाढात न वाळलेले मोजे कुणी घातलेत गं?" पाचेक मिनिटांत गेला. मुंबई जवळ आली, विमान खाली यायला लागलं तसा परत आला. माझं डोकं जड झालं, आईचे डोळे चुरचुरले. कोविडपासून पर्समध्ये पडलेला ऑक्सिमीटर आईच्या बोटाला लावला तर ९१! क्रूमधल्या मुलीला सांगितलं, तर "एसीचा वास आहे मॅडम." मेल केला, त्याला साचेबंद उत्तर आलं. खरंच काही बिघाड असेल का? आता त्याचा माग लागेल का?

ठाणे_स्लो :
कुणीतरी बूट काढले असणार. आमच्या एसटीत रोजचंच आहे.

कलिना_हँगर :
बूट काढले असते तर वास वाटभर राहिला असता, ठाणेकर. मी तीस वर्षं लाइन मेंटेनन्सला, म्हणजे विमानांच्या रोजच्या देखभालीला काढली. मेघाताई, आईंना नमस्कार सांगा, आम्हीही त्याला ओले मोजेच म्हणायचो. तो बहुतेकदा इंजिन ऑइलचा वास असतो.

बहुतेक विमानांत केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधूनच काढतात, तिला ब्लीड एअर म्हणतात. (बोइंग ७८७ वेगळं, त्यात विजेवरचे कॉम्प्रेसर असतात.) इंजिनातलं तेल अडवणारं सील झिजलं किंवा तेल जास्त भरलं गेलं, की तेलाचा अंश त्या गरम हवेत जातो. सीलला आधार असतो हवेच्या दाबाचा, त्यामुळे इंजिनाची ताकद कमीजास्त होताना तेल निसटतं. केबिनच्या हवेची बारीक गाळणी, हेपा फिल्टर, कण अडवते, वायू नाही.

तक्रार टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या वहीत) आली की आमचा पहिला प्रश्न : वास कधी आला? पुढच्या विमानाचा धूर आत आला तर रॉकेलसारखा वास येतो, आणि तोही जमिनीवरच. तुम्हाला उतरतानाही आला. शेपटीतलं छोटं इंजिन, एपीयू, हेही केबिनला हवा देतं, पण उतरताना ते बहुधा बंद असतं. म्हणून माझा संशय मोठ्या इंजिनांपैकी एकावर. मग जमिनीवर एकेका स्रोताची हवा सोडून बघायचं : आधी नुसता एपीयू, मग एक नंबरचं इंजिन, मग दोन नंबरचं. आणि केबिनमध्ये उभं राहून हुंगायचं. हो, नाकानेच! पण नाक लवकर सरावतं, म्हणून दर वेळी बाहेरून ताजा माणूस आणायचा. आमच्यात तंबाखू न खाणारा एकच होता, बिचाऱ्याची रजा कधी मंजूर व्हायची नाही.

पुढे बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) इंजिनात घालून बघतात, तेल किती खर्च झालं त्याच्या नोंदी चाळतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये गोव्याहून हैदराबादला गेलेल्या विमानात धूर झाला, तेव्हा डीजीसीएनेही (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) तेलाचे नमुने आणि ब्लीड-ऑफ व्हॉल्व्हच्या (कॉम्प्रेसरची जादा हवा सोडणाऱ्या झडपेच्या) जाळीवरचं तेल तपासायला लावलं होतं. सील बदललं तरी डक्टमध्ये, म्हणजे हवेच्या नळांत, ओशट राहतंच. पॅक (विमानाचं एसी यंत्र) कडक गरम चालवून ते जाळून काढावं लागतं, नाहीतर चार दिवसांनी तीच तक्रार.

डॉ_सातारा :
९१ ला घाबरू नका. केबिनची हवा ८,००० फुटांवरच्या इतकी विरळ असू शकते, आणि आपलं कळसूबाई ५,४०० फूट. वयस्कर माणसाला विमानात ९१ येणं नवलाचं नाही. उलट हवेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असता तर ऑक्सिमीटरने आकडा चांगलाच दाखवला असता, त्याला तो फरक कळत नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं, तेही काही तासांत. आता त्यात काही सापडणार नाही. डोळे, डोकं अजून दुखत असेल तर मात्र दाखवून घ्या.

कलिना_हँगर :
आणि मेल पुन्हा पाठवा. तारीख, फ्लाइट नंबर, सीट, दोन्ही वेळा वास कधी आला ते लिहा. "वास येत होता" एवढ्यावर आमच्या हाताला काही लागत नाही.

नागपूरकर_मेघा :
पाठवला. सीट १४ए, दोन्ही वेळा लिहिल्या. "आषाढातले मोजे" मी खोडत होते, आईने खोडू दिलं नाही.