मंडपेश्वरचा फ्रान्सिस्कन मठ आणि तिथली ‘बाहेरून आलेली’ वस्ती

प्रश्न (ठाणे): गेल्या रविवारी बोरिवलीची मंडपेश्वर लेणी पाहिली. लेण्याच्या माथ्यावर फ्रान्सिस्कन म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातल्या कॅथलिक साधूंच्या मठाच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. साष्टीतले, म्हणजे ठाणे-बोरिवलीच्या या बेटावरचे, ख्रिस्ती लोक पोर्तुगीजांबरोबर बाहेरून आले, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. हा मठ केव्हाचा आणि त्याच्या आसऱ्याने कोण राहत होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: १५३४ मध्ये वसईबरोबर साष्टीही पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढच्या दशकात आंतोनियो द पोर्तो या फ्रान्सिस्कन साधूने या शैव लेण्याचे प्रार्थनास्थळ केले. वर चर्च आणि मठ उभा राहिला, तिथे अनाथ मुलांना सांभाळून शिकवले जाई. बाहेरून आले होते ते साधू. मुले मात्र याच मुलखातली होती. लेण्यातल्या एका भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस नीट पाहा आणि मग आत जाऊन नटराजाचे शिल्प पाहा. एकाच कातळावर दोन्ही खुणा आहेत. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि मठाचे वैभव संपले.

उत्तर २: आमचे घराणे ठाण्याच्या एका गावठाणातले, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातले. ‘तुम्ही मूळचे गोव्याचे का?’ हा प्रश्न मला आजही विचारला जातो आणि दर वेळी तो मनाला लागतो. खरे तर मुंबईत नोकरीधंद्यासाठी आलेल्या गोवेकरांहून आपण वेगळे आहोत हे दाखवण्यासाठीच आमच्या पूर्वजांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, हे इंग्रजी नाव घेतले. घरात मराठीच बोलली जाते. माझी आजी लुगडे नेसत असे आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही आजही वाजतगाजत उंबराचे पाणी आणायला जातो.

उत्तर ३: वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, फक्त फ्रान्सिस्कनांचा इथला इतिहास पोर्तुगीजांपासून सुरू होत नाही, एवढे जोडतो. १३२१ मध्ये तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स आणि सिएनाचे पीटर हे तीन फ्रान्सिस्कन व त्यांचे सोबती देमेत्रियस ठाण्यातच मारले गेले. त्यांना आसरा दिला होता एका नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबाने. त्यानंतर थोड्याच काळात आलेल्या ओदोरिक या साधूने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या आणि ठाण्यात नेस्तोरियनांची पंधरा घरे असल्याचे नोंदवले. इराणकडच्या चर्चची परंपरा मानणारी ही माणसे पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षे आधी ठाण्यात घरे करून राहत होती. परक्या मुलखातल्या परंपरेच्या वस्तीचा शोध घ्यायचा असेल, तर तो मंडपेश्वरच्या मठापाशी नव्हे, या पंधरा घरांपाशी घ्यावा लागेल.