सध्या काय खेळताय? आणि काय खेळायचं राहिलंय?

मधल्यावेळचा_चिवडा:
पोरगी साडेदहाला झोपते आणि मी साडेअकराला पेंगायला लागतो, त्या मधल्या तासात सध्या एल्डन रिंग चालू आहे. चालू आहे म्हणजे मार खाणं चालू आहे. गेम २०२२ चा, मी घेतला गेल्या सेलला. सुरुवातीला मोकळ्या मैदानात आलं की समोर तो सोनेरी चिलखतातला घोडेस्वार, ट्री सेंटिनेल, आरामात फेऱ्या मारत असतो. मला वाटलं पहिलाच भेटलाय म्हणजे लिंबूटिंबू असणार. सोळा वेळा मेलो. शेवटी ऑफिसातलं एक पंचवीस वर्षांचं पोरगं म्हणालं, सर, त्याच्या वाटेला आत्ता जायचंच नसतं, कडेकडेने सटकायचं आणि नंतर तब्येत कमावून परत यायचं. आता हे मला कसं सुचणार? आम्ही कॉन्ट्रावर वाढलेलो, समोर आला की मारायचा, कडेने जायला तिथे कड होतीच कुठे.

तर तुम्ही लोक काय खेळताय ते लिहा. मोबाइलवरचं पण चालेल, कुणी हसणार नाही. वेळ कुठून काढता, घरचे काय म्हणतात, ते तर लिहाच. आणि राहून गेलेला एखादा गेम. माझा रेड डेड रिडेम्प्शन २, तो शंभराच्या वर जीबी मागतो आणि माझ्या लॅपटॉपवर बायकोच्या भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ आहेत, ते उडवायची माझी हिंमत नाही.

खंबाटकी:
मी युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतो, युरोपात ट्रक चालवायचा गेम आहे, खरं सांगायचं तर आता बाबा खेळतात आणि मी बघतो.

बाबांनी बत्तीस वर्षं ट्रक चालवला. सांगलीची हळद, गूळ, द्राक्षं घेऊन मुंबई, येताना मिळेल ते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून घरीच, दिवसभर टीव्हीवर बातम्या आणि आईशी भांडण. मी जुनं एक स्टिअरिंग घेतलं सेकंडहँड, पेडलसकट, आणि जेवणाच्या टेबलाला शिकंजा लावून बसवलं. बाबा पहिल्या दिवशी मागे खुर्ची टाकून बसले आणि दहा मिनिटांनी विचारलं, "ही माणसं हॉर्न का वाजवंनात?" मग म्हणाले, "क्लीनर कुठाय?" म्हटलं क्लीनर नसतो बाबा तिकडं. "मग रिव्हर्सला येऊ दे येऊ दे कोण म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी स्वतः बसले. तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात, हे बत्तीस वर्षं डावीकडून चालवलेले, जर्मनीत पहिल्याच फाट्यावर समोरून आलेल्या गाडीला भिडले. दंड. पुढच्या सिग्नलला परत दंड. दोन दिवस हाच प्रकार, मग मी त्यांना कॅलेवरून बोटीत घालून इंग्लंडला डोव्हरला उतरवलं, तिथे आपल्यासारखं डावीकडून. गाडी रस्त्याला लागल्याबरोबर म्हणाले, "हां, ही माणसं शहाणी." तेव्हापासून इंग्लंडच्या बाहेर पडायला तयार नाहीत.

ट्रेलर रिव्हर्स लावणं मात्र त्यांनाही जमेना. त्यांची गाडी दहा चाकी, सरळसोट, ही मधे मोडते. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की मागचं उजवीकडे जातं. गेममध्ये माल पोचवल्यावर तीन पर्याय येतात, सोपं पार्किंग, अवघड पार्किंग, नाहीतर पार्किंगच सोडून द्या. मी नेहमी सोडून देतो. बाबांनी तिसऱ्या दिवशी अवघडवालं लावलं, पाऊण तास लागला, आईने दोनदा जेवायला हाक मारली, "गाडी लागल्याबिगर उठायचं नसतं" म्हणून उत्तर.

एक अजून. गेममधल्या घड्याळाने सलग अकरा तास चालवलं की हा गेम झोपायला लावतो, ड्रायव्हर जांभया देतो, तरी थांबलं नाही तर दंड होतो. ते पहिल्यांदा आलं तेव्हा बाबा हसले आणि म्हणाले, आम्हाला शेठ फोन करून विचारायचा, अजून कुठं हाईस?

खिडकीची_सीट:
हसणार नाही म्हणालात म्हणून लिहिते. कँडी क्रश. २०१४ पासून. लेव्हल सांगत नाही, चार आकडी आहे. टिटवाळा ते दादर जागा मिळाली तर अख्खा प्रवास, नाही मिळाली तर एका हाताने कडी धरून दुसऱ्या अंगठ्याने. आमच्या डब्यात सात जणी आहोत, एकमेकींना लाइफ पाठवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाच जीव असतात आणि गेलेला जीव परत यायला अर्धा तास लागतो. पूर्वी आम्ही मोबाइलचं घड्याळच दोन तास पुढे करायचो, चार जीव हजर. एकदा पुढे केलं ते मागे घ्यायचं विसरले, पहाटे साडेपाचचा अलार्म साडेतीनला वाजला आणि मी अंघोळ करून डबे भरून सासूबाईंना चहासाठी उठवलं. बाहेर अंधार बघून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, बोलल्या काहीच नाहीत. तेव्हापासून जीव पाठवा म्हणून मैत्रिणींच्या हातापाया पडते पण घड्याळाला हात लावत नाही.

आवक_जावक:
पेपर्स, प्लीज. २०१३ चा छोटासा गेम, लुकास पोप नावाच्या एकाच माणसाने केलेला, कुठल्याही डबड्या कॉम्प्युटरवर चालतो. अर्स्टोट्स्का नावाचा खोटा देश, साल १९८२, आणि तुम्ही सीमेवरचे कारकून. पासपोर्ट घ्या, फोटो जुळतो का, मुदत संपली का, शिक्का मारा. मान्य किंवा अमान्य, बस. रोज सकाळी नवीन नियम येतो, काल चालणारा कागद आज चालत नाही. ज्यांनी सरकारी नोकरी केलीय त्यांना कळलं असेल मी का हसलो ते.

मी स्वतः खिडकीवर बसतो. दिवसभर लोकांचे कागद बघायचे आणि घरी येऊन परत तेच, बायको म्हणते ओव्हरटाइम तरी मागा. पण यात एक नवरा-बायको येतात. नवऱ्याचे कागद बरोबर, तो पुढे जाताना सांगून जातो की मागे माझी बायको आहे, तिच्याशी नीट वागा. आणि बायकोकडे प्रवेशाचा परवाना नाही. सोडलं तर ताकीद मिळते, पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, नंतर पगार कापतात, आणि पगारातून रोज भाडं, जेवण, घर गरम ठेवणं, आजारी पोराचं औषध. मी सोडलं तिला. नंतर कुणीतरी असंच रडत आलं आणि तोवर माझ्या दोन ताकिदी होऊन गेल्या होत्या, त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक आजोबा झेरॉक्स विसरून आले, लंच टाइम होत आला होता, मी त्यांना परत या म्हणायला तोंड उघडलं आणि बंद केलं. खाली जाऊन झेरॉक्स मीच काढून आणली, दोन रुपये.

इस्पिक_एक्का:
बलाट्रो!! कुणीच कसं नाही लिहिलं अजून. फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, पत्त्यांचा गेम आहे. पोकर येत नसलं तरी चालतं, मला अजूनही येत नाही. हातात आठ पत्ते, त्यातले पाचपर्यंत टाकायचे, जोडी, तीन सारखे, सगळे बदाम वगैरे लावून पॉइंट करायचे. पहिल्या फेरीला ३०० लागतात, सोपं वाटतं, पुढे आकडे असे फुगतात की बस. खरी गंमत जोकरांची. एकूण दीडशे जोकर, प्रत्येकाचा नियम वेगळा, आणि एकदा भट्टी जमली की क्षुल्लक दुर्री-तिर्रीची जोडी लाखाचे पॉइंट देते. खरे पैसे कुठे लावायचे नाहीत हे आधीच सांगतो, कारण आमच्या आईने "पत्ते" शब्द ऐकला आणि थेट मामाला फोन लावला. आमच्याकडे रमीत एकाने जमिनीचा तुकडा घालवलेला आहे, त्यामुळे तिचंही बरोबरच. आता ती शेजारी बसून सांगते, किलवरची राणी नको टाकूस.

चौथाई:
एम्पायर टोटल वॉर, २००९ चा. यात मराठे खेळता येतात, स्वतंत्र सत्ता म्हणून, इतकं एक कारण मला पुरलं. गेम सुरू होतो १७०० साली. म्हणजे बघा, राजाराम महाराज गेले ते वर्ष, ताराराणींनी कारभार हातात घेतला ते वर्ष, औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला. गेममध्ये यातलं काहीच जाणवत नाही, तुम्ही एका नकाशासमोर बसलेले असता आणि वर मुघल पसरलेले. पण मजा येते. मी १७२० च्या आत पंजाबात पोचलो, खरे मराठे अटकेला १७५८ ला पोचले, तर तेवढी घाई मी केली आणि मागे खजिना रिकामा, प्रजा दंगा करतेय, पेशव्यांची पत्रं वाचताना कर्जाचं रडगाणं असायचं ते आत्ता समजलं. तक्रार एकच, गनिमी कावा करता येत नाही. दोन फौजा समोरासमोर रांगेत उभ्या. डोंगर, रसद तोडणं, रात्री छापा मारून पसार, ते कुणीतरी करायला हवं राव.

पेठेतला_गेमर:
@चौथाई राजी खेळलात का? राजी: ॲन एन्शंट एपिक, २०२० चा, पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा. महाल-किल्ले राजस्थानी, रंग पहाडी चित्रांसारखे, आणि गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगतात. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्सला पहिल्या गेमसाठीच्या गटात नामांकन होतं. मारामारी मधे मधे कंटाळवाणी होते आणि शेवट असा अचानक येतो की मला वाटलं लाइट गेली, पण भिंतीवरची चित्रं बघायला मी लढाई सोडून थांबत होतो.

परभणी_पिंग:
मी बीजीएमआयच खेळायलो, म्हणजे पब्जीचाच भारतातला अवतार, मोबाइलवरची गोळीबारी, दुसरं काय. चार जणांचा स्क्वाड, एक पुण्याला, एक संभाजीनगरला, दोघं इथंच. पब्जी २०२० च्या सप्टेंबरात बंद झालं तेव्हा मी दहावीत होतो, घरचे पेढे वाटायचेच बाकी होते. मग २०२१ ला हे आलं, २०२२ ला हे पण गायब, २०२३ च्या मे मध्ये परत. परत आलं तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला तीनच तास, मला तेव्हा अठरा पूर्ण झाले होते, नशीब.

आमच्याकडं रेंज फक्त गच्चीवर येती, टाकीच्या बाजूला. शेवटच्या सर्कलात तीन जण उरले होते, मी गवतात पालथा, श्वास रोखून, आणि खालून आजी ओरडली मोटार बंद कर टाकी भरली. म्हटलं एक मिनिट. पाणी डोक्यावरून फोनवर. चिकन डिनर, म्हणजे जिंकणं, गेलं, फोन तांदळात दोन दिवस. तोच तांदूळ आजीनं नंतर शिजवला.

खेळायचं राहिलंय ते जीटीए ६. आधी २०२५ म्हणले, मग मे २०२६, मग नोव्हेंबर २०२६. तोवर नोकरी लागली तर पीएस५ घेईन. जीटीएचाच जुना व्हाइस सिटी अजून लावतो कधीमधी, पँझर टाइप केलं की आकाशातून रणगाडा, तेवढ्यानं पण बरं वाटतं.

परदेशी_फोडणी:
न्यू जर्सीहून. मी गेमवाली नाही, मुलाने लावून दिलं म्हणून वेन्बा खेळले, २०२३ चा आहे, दोनेक तासात संपतो. कॅनडात आलेलं तमिळ कुटुंब, आईची रेसिपीची वही फाटलेली, डाग पडून शब्द गेलेले, आणि आपण अंदाजाने ती पाककृती पुरी करायची. पहिलीच इडली. मुलगा भराभर चुकत होता, मी म्हटलं सरक. घरातल्या स्क्रीनवर मला काहीतरी पहिल्यांदाच जमत होतं. पुढे त्यातला मुलगा मोठा होतो, आईशी इंग्लिशमध्ये बोलायला लागतो, डब्यात इडली नको म्हणतो. तिथे माझा मुलगा म्हणाला, "मम्मा, आय डोन्ट डू दॅट." डबा त्या दिवशी पण भरलेलाच परत आला होता.

असा एक पुरणपोळीचा कुणीतरी करा. पुरणात उलथनं उभं राहिलं तर पुढची लेव्हल.

दोन_रिमोट:
नवऱ्याबरोबर इट टेक्स टू. एकट्याने खेळताच येत नाही, दोघं लागतातच. घटस्फोट घ्यायला निघालेल्या नवरा-बायकोच्या बाहुल्या होतात अशी गोष्ट. त्या खेळण्यातल्या हत्तिणीच्या प्रसंगानंतर आम्ही दोन दिवस गेम लावला नाही. बाकी भांडणं नेहमीचीच, उडी तू मारायची होतीस, नाही तू.

मधल्यावेळचा_चिवडा:
@खंबाटकी बाबांची गाडी कुठवर आली?

खंबाटकी:
गेममधल्या बँकेचं कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला, मग अजून दोन, आता तीन ड्रायव्हर पगारावर आहेत. त्यातल्या एकाला आजच काढून टाक म्हणून मागे लागलेत. येताना गाडी रिकामी आणतो म्हणून.