मदत हवी आहे : जुन्या फॉन्टमधल्या मालवणी गजाली (गप्पागोष्टी) युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा अक्षरांत, आणायच्यात, पण सगळे 'म' गायब

ऐरोली_लोकल

नमस्कार मंडळी, प्रश्न तांत्रिक आहे पण आधीचं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून जरा लांबण लावते. आमचे नाना (सासरे) मालवणचे, शाळेत मराठी शिकवायचे आणि २००० सालाच्या आसपास तिकडच्या एका साप्ताहिकात आणि काही दिवाळी अंकांत मालवणीतून गजाली लिहायचे. पुढच्या वर्षी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, तेव्हा सगळ्या गजालींचं छोटंसं पुस्तक छापायचं आणि शिवाय त्यांच्या टॅबवर मोठ्या अक्षरात टाकायच्या असं घरात ठरलं. ठरलं म्हणजे काय, नवरा म्हणाला तू आयटीत आहेस ना, तुला काय अर्ध्या तासाचं काम. घरातला प्रिंटर, राउटर, नणंदेचा भरलेला फोन, सगळं याच वाक्याने माझ्या ताटात येऊन पडतं. मी ऑफिसात डेटाबेस सांभाळते, फॉन्टचा आणि माझा संबंध शून्य.

मजकूर ज्यांनी टाइप केला त्या डीटीपीवाल्यांचं दुकान केव्हाच बंद झालं, पण माणूस भला, बंद करताना नानांना सगळं एका सीडीवर टाकून दिलं होतं. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही म्हणून यूएसबीवाला मागवला आणि सीडी चक्क वाचली गेली. आत काही वर्डच्या डॉक फाइल्स आहेत आणि बाकी पेजमेकरच्या (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर), पी६५ वाल्या. वर्डची फाइल उघडली की नुसता चिवडा, म्हणजे जिथे 'मराठी' असायला पाहिजे तिथे आधी एक उघडं अवतरणचिन्ह, मग इंग्रजी ए-एम-आर, मग ग्रेटर दॅनची खूण आणि परत आर. फॉन्टच्या खिडकीत 'श्री-देव' आणि पुढे आकडा दिसतो, म्हणून श्रीलिपी (मराठी फॉन्टचं जुनं पॅकेज) असणार असं धरून अक्षरांचं टेबल जमवलं, एका जुन्या कमांडलाइन टूलने डॉकमधून साधा टेक्स्ट काढला आणि पायथॉनमध्ये स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहिली. बरंचसं छान येतंय! पण सगळे म गेले. 'मालवण'चं 'ालवण' आणि 'माका'चं 'ाका'. टेबलात म आहे, मी दहादा बघितलं. शिवाय ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते आणि रफार तर कुठेही उडतो. पेजमेकरच्या फाइल्स कशात उघडायच्या तेही सांगा. नानांना विचारलं तर म्हणाले, "माका कित्याक इचारतंस गो, कंप्युटरवाली तू ना?"

सगळं परत टाइप करून घे हा सल्ला नवऱ्याने देऊन झालाय, तो नको.

खमंग_काकडी

आयटीवालेच मदत मागायला लागले तर आम्ही कुणाकडे बघायचं 😄 मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण एखादी गजाल इथे टाका ना वाचायला.

जुना_डीटीपीवाला

ताई, त्या अवतरणचिन्हावरूनच ओळखलं, श्रीलिपीच. आमच्या वेळी हे सगळे फॉन्ट आपापल्या मनाचे होते. आठ बिटांत मिळून २५६ जागा, त्यात इंग्रजीच्या अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. अर्धा ष वेगळा, काना वेगळा, दोन्ही शेजारी ठेवले की डोळ्याला ष. कॉम्प्युटरला त्यात मराठी काही माहीतच नाही. आणि प्रत्येक कंपनीचे तुकडे वेगळ्या जागी. कृतिदेव या दुसऱ्या फॉन्टमध्ये 'काका' लिहिलं की आत डी-के-डी-के असतं. सीडॅकच्या आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तर डीव्ही-टीटी आणि डीव्हीबी-टीटी, दिसायला तोच सुरेख फॉन्ट, आतले कोड वेगळे. लोक म्हणतात तुम्ही तेव्हाच युनिकोड का नाही वापरलं, अहो देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे पण पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हतं आणि छापखान्यात पेजमेकरशिवाय पान हलायचं नाही, मग करायचं काय.

वेलांटीचं कारण सोपं आहे. आम्ही डोळ्याला दिसेल त्या क्रमाने टाइप करायचो, आधी वेलांटी मग अक्षर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, आधी अक्षर मग वेलांटी. तेव्हा वेलांटी उचलून पुढे न्यायची, पण नुसतं एक अक्षर ओलांडून नाही, 'स्थिती'तला अख्खा स्थ ओलांडला पाहिजे. रफार उलटा, तो अक्षर, काना, मात्रा सगळं झाल्यावर टाइप केलेला असतो, त्याला मागे त्या अक्षराच्या आधी आणायचा.

पेजमेकरसाठी लिब्रेऑफिस ड्रॉ वापरा, ६ आणि ७ च्या फाइल्स तो उघडतो. किंवा कुणाकडे इनडिझाइन सीएस६ असेल तर त्यात, नंतरच्या सीसी आवृत्त्यांत ती सोय काढली. मजकूर तुकड्यातुकड्यांत येईल आणि ओळ मोडायला आम्ही जिथे तिथे एंटर आणि आडव्या रेघा मारलेल्या सापडतील, त्याबद्दल आमच्या धंद्याला शिव्या घाला.

हेक्स_वाचक

म गेलेले नाहीत, आहेत तिथेच आहेत, फक्त दिसत नाहीयेत. फाइल हेक्समध्ये (बाइटचे कच्चे आकडे दाखवणाऱ्या एडिटरमध्ये) उघडून बघ, प्रत्येक हरवलेल्या म च्या जागी ९१ दिसेल. विंडोज-१२५२ या अक्षरांच्या कोष्टकात ९१ म्हणजे ते उघडं अवतरणचिन्ह, श्रीलिपीचा म. पण तोच बाइट लॅटिन-१ या दुसऱ्या कोष्टकाप्रमाणे वाचला तर तो एक न दिसणारा कंट्रोल कॅरेक्टर होतो, आणि तुझ्या टेबलात अवतरणचिन्ह असल्यामुळे ते जुळतच नाही. हेक्स ८० ते ९फ या पट्ट्यात हा फरक आहे, त्यामुळे बारकाईने बघितलंस तर म सोबत आणखी एखाददुसरं अक्षरही गेलेलं सापडेल. फाइल उघडताना एन्कोडिंग सीपी१२५२ (तेच विंडोज-१२५२) दे, बाकी स्क्रिप्टला हात लावू नकोस. आणि मजकूर मध्येच एचटीएमएलमधून फिरवू नकोस, त्या ग्रेटर दॅनची वाट लागते आणि मग ठ चा पत्ता नाही.

ऐरोली_लोकल

हेक्स_वाचक, साष्टांग नमस्कार! ९१ च होतं. एका ओळीचा बदल आणि सगळं मालवण जागेवर आलं. वेलांटी आणि रफारही बसले, डीटीपीवाले काका तुमच्यामुळे. हे सगळं ठाणे-ऐरोली गाडीत फोनवर टर्मिनल उघडून केलं, शेजारच्या बाईंना वाटलं मी काहीतरी हॅक करतेय. या नादात वाचनालयाचं पुस्तक मात्र पर्समध्येच पडून आहे.

आता पुढचं. 'दर्या' आणि 'दऱ्या' यात घोळ होतोय. मालवणचा माणूस, पानापानावर दर्या, आणि स्क्रिप्ट त्याच्या दऱ्या करते म्हणजे अर्थाचं वाटोळं. दुसरं, पेजमेकरमधून निघालेल्या काही गजालींचे परिच्छेद वरखाली झालेत. छापील अंक घरात आहेत, ते स्कॅन करून ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं) करावं का?

हेक्स_वाचक

दर्या-दऱ्या साठी टेबल परत बघ, रफार आणि तो आडवा चंद्रकोरीसारखा र हे जुन्या फॉन्टमध्ये दोन वेगळे तुकडे आहेत, तुझ्याकडे दोन्हींना एकच उत्तर लिहिलेलं असणार. आणि आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, ऱ ला हलन्त जोडून किंवा साध्या र ला हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) लावून. दिसायला सारखेच. एकच तऱ्हा ठरव, नाहीतर उद्या शोधायला गेलीस की अर्धेच सापडतील. तसंच ॲ चं, त्याला २००८ पासून स्वतंत्र जागा आहे, अ वर चंद्र ठेवून केलेले सगळे बदलून घे.

ओसीआर कर, पण बदली म्हणून नको, तपासायला कर. ३०० डीपीआयला स्कॅन, टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅममध्ये भाषा मराठी दे किंवा गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघड. मग ते आणि तुझ्या स्क्रिप्टचं आउटपुट यांचा डिफ (दोन्हींतला फरक) काढ. दोघांच्या चुका वेगळ्या प्रकारच्या असतात, त्यामुळे जिथे फरक दिसेल तेवढंच डोळ्यांनी बघायचं. परिच्छेदांचा क्रमही छापील पानावरून कळेल. फक्त ओसीआरला मालवणी येत नाही, ते 'खंय'चं काहीतरी शहाणपणाचं करून ठेवेल. अशा शब्दांत स्क्रिप्टवर जास्त विश्वास ठेव.

पुस्तकी_किडा

टॅबसाठी ईपब (ई-पुस्तकाची फाइल) कर, ती बनवायला कॅलिबर फुकट आहे. ईपबमध्ये भाषा 'एमआर' अशी दिलीस आणि फॉन्टमध्ये सोय असली (नोटो देवनागरीत आहे) तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे. मास्तर माणसाला ते नक्की खटकेल. किंडल असेल तर २०२२ पासून ईपब थेट मेल करता येतं. आणि एकदा युनिकोड झालं की फोन मराठीत वाचूनही दाखवतो, डोळे दमले तर नानांना ऐकता येईल, मालवणी हेल मात्र मिळणार नाही.

ऐरोली_लोकल

दर्या झाला, डिफही काढला, छान जमलं. ऐकवायचा प्रयोग काल केला. नाना दोन वाक्यं ऐकून म्हणाले, ह्या कोण पुण्याचा वाचता, बंद कर. सासूबाई हसून हसून बेजार. मोठ्या अक्षरातलं मात्र आवडलंय, इतकं की प्रूफ तपासायला दिलं तर प्रूफ राहिलं बाजूला आणि स्वतःच्या जुन्या गजालींत नवीन वाक्यं घालत बसलेत. आता मी दोन्ही आवृत्त्या गिटमध्ये (फाइलीतला प्रत्येक बदल जपणारं टूल) ठेवते आहे.

एकच अडचण उरली. २००३ च्या एका दिवाळी अंकातली गजाल सीडीवर अर्धीच आहे आणि तो अंक घरातून कुणीतरी वाचायला नेला तो परत आलाच नाही. जुने दिवाळी अंक बघायला कुठे मिळतात? आम्ही डोंबिवलीत राहतो.

पुस्तकी_किडा

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३ चं) तुझ्या रोजच्या वाटेवरच आहे, आधी तिथे चौकशी कर, नाहीतर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. अंकाचं नाव आणि वर्ष चिठ्ठीवर लिहून ने, आणि पानांचा फोटो काढू देतात का ते आधी फोन करून विचार.

खमंग_काकडी

आणि ती गजाल मिळाली की इथे टाका, मी अजून वाट बघतेय.