ऐरोली : डेस्कटॉपचे पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. परवाच्या पावसात लाईट सारखी ये-जा करत होती, तेव्हापासून घरचा डेस्कटॉप चालू होत नाही. बटण दाबलं की पंखे फिरतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. मदरबोर्डला स्पीकर नसल्याने बिघाड सांगणाऱ्या बीपवरून काही कळत नाही. कीबोर्डवर नमलॉकचा दिवाही लागत नाही, म्हणजे विंडोजच्या आधी, पोस्टमध्येच (चालू होताना संगणक स्वतःचे भाग तपासतो त्यात) अडकतंय.

रॅम काढून सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसल्या (खाडीकाठच्या दमट हवेत हे करावंच लागतं) आणि एकेक स्टिक वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली. बोर्डावरचा सीआर२०३२ हा छोटा गोल सेल उतरला होता, नवा घातला. ग्राफिक्स कार्ड काढून केबल बोर्डाच्या एचडीएमआयला जोडली, प्रोसेसरला आतलं ग्राफिक्स आहे. काही फरक नाही.

माझा संशय एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायवर आहे. पंखे १२ व्होल्टवर फिरतात, त्यावरून ५ आणि ३.३ व्होल्ट नीट येत असतील असं म्हणता येत नाही. २४ पिनच्या कनेक्टरला मागून मीटर लावून राखाडी वायरवर, म्हणजे 'पॉवर गुड'वर (व्होल्टेज ठीक असल्याचा एसएमपीएसचा सिग्नल), ५ व्होल्ट आले तर एसएमपीएस निर्दोष धरायचा का? की लोडवर तो तरीही कोसळू शकतो?

दुकानदाराने बोर्ड न उघडताच 'मदरबोर्ड बदला' सांगितलं, ते पटत नाही. ताईच्या क्लासच्या सगळ्या प्रश्नपत्रिका यात आहेत आणि चाचणी जवळ आलीय. ऐरोली, रबाळे, घणसोलीत कुणाकडे चालू एसएमपीएस असेल तर तासभर लावून बघायला द्याल का? मी येऊन घेऊन जाईन.