मडगाव की मारगाव?

प्रश्न : रेल्वेच्या तिकिटावर 'मडगाव', पण उतरल्यावर दुकानांच्या रोमी पाट्यांवर 'मारगाव' की 'मार्गाओ' असं काहीतरी. शहरं दोन आहेत की नावं दोन? आणि मूळ शब्द कोणता?

उत्तर : शहर एकच, नावही एकच. मी इथलाच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मूळ शब्द मठग्राम. प्राकृतात दोन स्वरांमधल्या 'ठ'चा 'ढ' होतो, म्हणून 'मठ'चा 'मढ' झाला. 'पठण' आणि 'पढणे' यांचं नातं तेच. पुढे ढ मधला ह-कार गळला. हिंदीतले हाथ, भूख, सीखना आपल्याकडे हात, भूक, शिकणे होतात, तसंच हे. 'ग्राम'चं 'गाव' सगळीकडेच होतं. मठग्राम हे नाव काही पोथीत पडून नाही. इथली वर्तमानपत्रं आजही शहराला सहज 'मठग्राम नगरी' म्हणतात.

आता 'मारगाव'. पोर्तुगिजांच्या भाषेत 'ड' नाही. जीभ वळवून टाळूला हलकेच आपटणारा आपला ड त्यांच्या कानाला 'र' वाटला आणि तसाच त्यांनी लिहिला. हा प्रकार गोव्यात इतका नियमित आहे की एकदा लक्षात आला की नकाशा वाचायला मजा येते. पेडणे झालं पेर्नेम, कुडतरी झाली कुर्तोरिम, कुडचडेचं कुर्चोरेम. हडफडे तर आर्पोरा! आरंभीचा ह पोर्तुगीज उच्चारतच नाहीत, आणि दोन्ही ड चे र झाले.

एका बाबतीत मात्र त्यांच्या लिखाणाचे आभार मानायला हवेत. 'मार्गाओ'तला शेवटचा 'आओ' ते नाकात म्हणतात, म्हणजे त्यांनी 'गांव' ऐकलं आणि ते जपलं. मराठीने १९६२च्या शुद्धलेखन नियमांत तो अनुस्वार सोडला. कोकणी अजूनही 'मडगांव' लिहिते.

प्रश्न : मडक्यांवरून 'मडगाव' असं एकदा ऐकलं होतं. शक्य आहे?

उत्तर : मला पटत नाही. कुंभारांवरून नाव पडतं तेव्हा बहुधा 'कुंभार' हाच शब्द टिकतो. शिवाय हे गाव मठ-मंदिरांचंच होतं. ग्रामदैवत दामोदराचं मंदिर १५६०च्या दशकात पाडलं गेलं, तिथे होली स्पिरिट चर्च उभं राहिलं, आणि देव कुशावतीकाठी जांबावलीला नेला. अंतर पडलं, नातं नाही. शिगम्यात जांबावलीच्या गुलालाला मडगावकर आजही लोटतात. गावातून देव जातो आणि गाव त्याच्यामागे दरवर्षी जातं, हे पाहताना मला दरवेळी भरून येतं.

जाता जाता, ज्या तालुक्याचं हे मुख्य शहर, तो सासष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख. मुंबईची साष्टीसुद्धा तोच शब्द. १९८७ला गोवा राज्य होऊन दोन जिल्हे झाल्यावर दक्षिण गोव्याचं मुख्यालयही मडगावच झालं. १८ जून १९४६ला राममनोहर लोहियांनी इथेच सभा घेतली. ते मैदान आज लोहिया मैदान.

लिहिताना 'मडगाव'च लिहावं. मराठी बातमीत 'मार्गाओ' दिसलं की खटकतं, कारण तो आपलाच शब्द दुसऱ्याच्या कानातून फिरून आलेला असतो. रेल्वेने पाटीवर रोमीतही ड ठेवला आहे, हे चांगलं केलं. स्टेशनची सांकेतिक अक्षरं मात्र अजून एम-ए-ओ अशीच आहेत.